आमसूलबाई

बाईंच्या कापडी पिशवीत दोन डबे असायचे. एकात लाल-पांढरे लाकडी ठोकळे, दुसऱ्यात आमसुलं. ठोकळे मुलांसाठी आणि आमसुलं आईबापांसाठी. मूल चटईवर बसलं की बाई दुसऱ्या डब्याचं झाकण काढून आमच्यापुढं धरायच्या. "घ्या. चावायचं नाही, नुसतं चोखायचं. आणि तोंडात आहे तोवर बोलायचं नाही."

पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रसाद असेल. आमच्या बीडकडं चिंच. आमसूल मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी दोन्ही हात पुढं करून ते घेतलं, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. बाई हसल्या नाहीत. "प्रसाद नव्हे हो," एवढंच म्हणाल्या. "कुलूप आहे ते."

झालं होतं असं, की त्यांनी माझ्या मुलीला विचारलं, "तुझं नाव काय गो बाय?" आणि मी लगेच म्हणालो, "शकुंतला, बाई. शकू म्हणतो आम्ही. आठ पुरी झाली, तिसरीत होती." बाईंनी पुन्हा शकूलाच विचारलं. मी पुन्हा तोंड उघडलं. तेव्हा तो डबा निघाला. मग आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. बाहेरून एक ट्रक गेला. खिडकीत कावळा आला, बसला, उडून गेला. शकूचे ओठ हलत होते आणि माझ्या तोंडाला आंबट पाणी सुटत होतं. फार वेळानं ती म्हणाली, "श... शकू." अपघात होऊन तीन महिने झाले होते. तोवर तिला इतका वेळ कुणीच दिला नव्हता. मीसुद्धा नाही.

मी लोट्याला एका रसायनाच्या कारखान्यात शिफ्टला होतो. सहावीत असताना घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलो तो पुन्हा वर्गात बसलोच नाही. पुढं एका ठेकेदाराचा हात धरून कोकणात आलो. बायको, शारदा, दुसऱ्या बाळंतपणाला गावी गेली होती. शकू माझ्याजवळ. त्या दिवशी मी रात्रपाळी करून आलो होतो. पोरगी सारखी काहीतरी विचारत होती. मी म्हणालो, "जा, बाहेर खेळ. झोपू दे मला." चाळीमागं चिऱ्याची खाण होती, चिरे कापून कापून विहिरीसारखी खोल झालेली. तिच्या कडेवरून ती पडली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वाचली हे नशीब. वाचली खरी, पण घरी आली ती अडखळत बोलणारी, क्षणात चिडून ताट भिरकावणारी, नळावरून घरची वाट चुकणारी. "जा, बाहेर खेळ" हे माझे शब्द मी शारदाला दोन वर्षं सांगितले नाहीत. बाईंना दुसऱ्याच भेटीत सांगितले. त्यांनी समजूत घातली नाही. ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, "त्या रत्नागिरीच्या बाईंकडून लिहून आणा, ही वर्गात बसू शकेल म्हणून. नाहीतर जूनमध्ये नाव कमी करावं लागेल." गावाहून थोरल्या भावाचं पत्र आलं होतं, पोरीला इकडं पाठव, शेळ्या राखील. शेळ्यांमागं गेलेलं माणूस शाळेत परत येत नाही, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. म्हणून एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी पहाटेची एसटी धरून मी तिला घेऊन निघायचो.

रत्नागिरीला चाललो म्हटलं की त्या भागात माणसं डोक्याशी बोट फिरवतात. वेड्यांचं इस्पितळ तिथं. कंपनीच्या बसमध्ये सोबतचे विचारायचे, "काय रे घाट्या, परतीचं तिकीट एक काढणार का दोन?" मी हे बाईंना सांगितलं. त्या ठोकळे पुसत होत्या. "त्यांना म्हणावं, माझ्याकडे जागा शिल्लक आहे. तुम्हीही या."

एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या बसायच्या. बाहेर पाटी नव्हती. औषध नाही, सुई नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलांचं काय गेलं, काय राहिलं आणि राहिलेल्यावर संसार कसा करायचा, हे त्या बघायच्या. असं काम करणाऱ्याला मानसशास्त्रज्ञ म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. खोलीबाहेरच्या बाकड्यावर वाट बघणारे आम्ही सगळे त्यांना आमसूलबाईच म्हणायचो. केळशीच्या हमीदाबी, ज्यांचा मुलगा माडावरून पडला होता, त्या कुरकुरायच्या, "घरी सासू बोलू देत नाही, हितं बाई. मी बोलायचं तरी कुठं?" आणि डब्यातून हळूच दोन आमसुलं जास्त उचलायच्या, कालवणाला.

बाईंचा ठरलेला प्रश्न असायचा, "या पंधरवड्यात हिनं काय केलं?"

मी म्हणायचो, "बाई, परवा तिनं दूध सांडलं. काल शेजारच्या पोराला चावली."

"ते नव्हे. काय येत नाही ते तुम्हाला सगळं गाव सांगेल. केलं काय?"

"...चपला घातल्या. आपल्या आपण."

"कुठली आधी?"

"उजवी. नाही, डावी... बाई, ध्यानात नाही."

"म्हणजे पाहिलं नाहीत. पुढल्या खेपेला पाहून या."

कारखान्यात दाबाच्या काट्याकडं टक लावून बसायची मला सवय होती, पण पोटच्या पोरीकडं तसं बघायला त्या बाईंनी शिकवलं. डावी चप्पल आधी. पाणी पिताना डोळे मिटते. पाऊस लागला की शांत होते.

एकदा मी धीर केला. "बाई, माझी पहिली शकू कधी परत येईल?"

त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. "नाही यायची."

मी उठायला लागलो.

"ही चालेल, बोलेल, शिकेल. किती ते आज मला सांगता येत नाही. पण ती नव्हे, शकूचे बाबा. तुम्ही तिच्या वाटेवर डोळे लावून बसलात तर या पोरीकडे बघणार कोण?"

मला इतका राग आला की पुढच्या दोन खेपा मी गेलोच नाही. तोवर शारदा तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. ती म्हणाली, "खरं बोलली म्हणून रुसलात व्हय? 'होईल पहिल्यासारखी' असं खोटं बोलले त्या डॉक्टरांकडं तर पेढे घेऊन गेलता." तिसऱ्या खेपेला गेलो. बाईंनी का आला नाहीत विचारलं नाही. डबा पुढं केला.

मग एप्रिलात त्या म्हणाल्या, "मे अखेरीला हिचं सगळं नीट मोजू आणि शाळेला लिहून देऊ." त्या मोजू म्हणाल्या, माझ्या कानांनी परीक्षा ऐकली. तोंडात आमसूल धरून बसलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय काम काय? इतक्या महिन्यांत बाईंचे प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. उलटे म्हणायचे आकडे, ठोकळ्यांच्या नक्षा आणि ऐकून परत सांगायची गोष्ट: गोविंदा बाजारात गेला, छत्री विसरला, परत आला तर छत्रीखाली कोंबडी बसलेली. मी ठरवलं, शकूकडून तयारी करून घ्यायची. चाळीतल्या सुताराकडून नऊ ठोकळे कापून आणले, रंगवले.

पण पाटावर बसवलं की तिसऱ्या शब्दाला ती चिडायची आणि ठोकळा भिंतीवर आपटायची. शारदाच्या बाळंतपणापासून आमच्याकडं भाकरी मी थापायचो. एक दिवस शकू परातीपाशी येऊन बसली. गप्प राहावी म्हणून मी तिला पिठाचा लहानसा गोळा दिला. ती थापायला लागली, मीही थापत होतो, आणि तोंडानं सहज म्हणालो, गोविंदा. एक थाप. बाजारात. एक थाप. गेला. ती माझ्यामागून म्हणाली. चिडली नाही. बारा दिवसांत कोंबडीपर्यंत पोहोचली.

"बाईंना फसवताय," शारदा म्हणाली.

"फसवतोय कुठं? अभ्यास घेतोय. मोठ्यांची पोरं शिकवणीला जातातच की."

मे अखेरीच्या त्या शनिवारी शकूला नवा परकर घातला होता. बाईंनी मला आमसूल दिलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोविंदाची नव्हे. येसूबाई नावाच्या कोळणीची. तिच्या टोपलीमागून मांजर चालत घरापर्यंत येतं. गोष्ट संपली. "आता तू सांग हं." शकू थांबली नाही. तिनं दोन्ही तळवे समोर धरले आणि थापायला लागली. गोविंदा. बाजारात. गेला. एकही शब्द न गाळता ती छत्रीखालच्या कोंबडीपर्यंत आली. मग मान वळवून माझ्याकडं बघून हसली. पडल्यापासून ती अशी हसली नव्हती, शाबासकी मागत.

बाई तिच्याकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मी आमसूल तसंच गिळलं.

"बाई, मी शिकवलं. तिची चूक नाही. नापास करायचं तर मला करा, पण तिला शेळ्यांमागं लावू नका." आणखी काय काय बोललो आठवत नाही. दाराबाहेर हमीदाबी "या अल्ला" म्हणाल्या तेवढं ऐकू आलं.

बाईंनी विचारलं, "किती दिवसांत?"

"बारा."

"बारा?" त्या पुढं सरकल्या. "चार महिने झाले, ही दुसऱ्या वाक्याला अडते माझ्याजवळ. कसं केलंत?"

मी हवेत भाकरी थापून दाखवली. आयुष्यात इतकी लाज वाटली नसेल.

"मला नको, तिच्यासमोर बसा. येसूबाईची गोष्ट घ्या."

मी शकूसमोर मांडी घालून बसलो. येसूबाई. टोपली. घेऊन. निघाली. बाई शेजारी वही घेऊन लिहीत होत्या, मध्येच स्वतःही थापून बघत होत्या. तासाभरानं त्यांनी शकूला पुन्हा विचारलं. मांजर टोपलीमागं लागतं तिथपर्यंत तिनं सांगितलं. पुढचं गेलं. पण तिथपर्यंत, न चिडता.

निघताना बाई म्हणाल्या, "माझी मोजमापं तुम्ही नासवलीत. आता ती हिच्यावर कितीतरी महिने वापरता यायची नाहीत. त्याचा मला राग आलाय आणि तो इतक्यात जायचा नाही." मग चष्मा काढला. "पण मी हिला काय येतं ते मोजत बसले होते. ही शिकते कशी, ते तुम्ही दाखवलंत."

शाळेला त्यांनी पास-नापास काही लिहिलं नाही. जूनमध्ये स्वतःच एसटीनं लोट्याला आल्या. म्हणाल्या, शकूला दुसरीत बसवा, अर्धा दिवस, पहिल्या बाकावर. हात थापत म्हणू द्या. उत्तराला वेळ द्या. वर्गाचे गुरुजी भले होते, पण घाईचे. त्यांनी शकूला विचारलं, "पाच दुणे किती?" आणि लगेच आपणच म्हणाले, "दहा, नाही का?" बाईंनी पिशवीत हात घातला. गुरुजींनी मुकाट्यानं आमसूल तोंडात टाकलं. हेडमास्तरांनी नाव कमी केलं नाही. दिवाळीपर्यंत दुसरीचा सगळा वर्ग बाकं थापून पाढे म्हणत होता.

चार वर्षांनी मला गुजरातेत काम मिळालं आणि आम्ही आणखी लांब आलो. शेवटच्या शनिवारी बाईंनी आमचा नवा पत्ता मागितला, माझ्याकडून नव्हे, शकूकडून. ती एकेक शब्द शोधत सांगत होती, बाई लिहीत होत्या. मला वाटत होतं एसटी चुकेल. मला वाटत होतं, चुकू दे.

इथल्या मराठी शाळेत शकू दोनदा नापास झाली आणि सतराव्या वर्षी सातवी पास झाली. माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त. त्या दिवशी मी बाईंना जन्मातलं पहिलं पोस्टकार्ड स्वतःच्या हातानं लिहिलं. उत्तर आलं ते परक्या अक्षरात. बाईंच्या भाचीनं लिहिलं होतं, आत्या श्रावणात गेल्या, तुमचं कार्ड मी त्यांच्या फोटोपुढे वाचलं. लोट्याला असतो तर बातमी तरी वेळेवर कळली असती. निदान बाकड्यावर जाऊन बसलो असतो.

त्यांच्याशी बोलायचं अजून राहून गेलंय. शकू आता बालवाडीत खाऊ वाटते; मुलं तिला घाई करत नाहीत. शारदा जाऊन वर्षं झाली. धाकटं लेकरू कामाला दुसऱ्या गावी; घरात आम्ही दोघंच. परवा बसल्या बसल्या मी पडण्याआधीच्या शकूचा आवाज आठवायला गेलो, ती त्या दिवशी सारखं विचारत होती तो, आणि आठवेना. मी घाबरलो. इतकी वर्षं तो आवाज माझ्याजवळ आहे असं मी धरून चाललो होतो. हे कुणाला सांगावं? सांगितलं तर लोक म्हणतील, आठवेल हो, मनाला लावून घेऊ नका. बाई तसं म्हणाल्या नसत्या. "नाही आठवायचा," म्हणाल्या असत्या, आणि मला ते ऐकायचं होतं.

शकूनं स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा... का... गप्प?"

मी तिला सांगितलं. सगळं, 'जा, बाहेर खेळ' म्हणालो तेसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती हातातलं भांडं पुसत उभी राहिली. बराच वेळ.

मग म्हणाली, "मला... पण... नाही आठवत."

आणि माझ्या शेजारी येऊन बसली.