गुडघ्याला काय धाड भरलीय?

पोलीस भरतीच्या तयारीसाठी पिशोरहून मी छत्रपती संभाजीनगरला आले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आईवडिलांनी मला शेतकामातून मोकळं केलं होतं, म्हणून अकॅडमीतले सर सांगतील ते मी डोळे झाकून करायचे. मागं राहणाऱ्याला डांबरी रस्त्यावर बेडूकउड्या, हा त्यांचा नियम. गुडघा दुखतो म्हटलं की उड्या दुप्पट.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? बी.ए. झाली म्हणून नाजूक झाली व्हय गं?" सगळ्यांसमोर असं. पोरी हसायच्या. मीही हसायचे, याचा राग अजून जात नाही.

पुढं जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागं कळ यायला लागली. सरांनी मला शहागंजमधल्या त्यांच्या ओळखीच्या कंपाउंडरकडं पाठवून दुखणं थांबवायची सुई टोचून घ्यायला लावली. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं धावले, टाळ्या पडल्या. दुसऱ्या सकाळी मला संडासला बसता येईना.

सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला पायरीवरून सावकाश उतरायला लावलं. गुडघा आत वळत होता.

"गुडघा झिजलेला नाही. मांडीत, खुब्यात ताकद कमी आहे आणि धावणं एकदम वाढवलंस. सुईनं फक्त दुखणं कळेनासं होतं. पळणं सोडू नको, कमी कर. पळताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळीही दुखत राहिलं, तर जास्त झालं समज."

तोवर माझा गुडघा कुणी नीट पाहिलाच नव्हता. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सरांना हे सांगितलं. "मग त्या बाईकडूनच भरती हो," ते म्हणाले.

मी अकॅडमी सोडली. मांडीचे व्यायाम, पायरीची चढउतार, मातीवर थोडं थोडं धावणं. ती भरती हुकली. आई फोनवर विचारायची, "मंग आता काय करतीस?" फोन ठेवून मी पुन्हा पायरीवर चढायचे. पुढच्या भरतीत सुईशिवाय धावले आणि निवड झाली.

लगेच अकॅडमीच्या दारावर फ्लेक्स लागला. माझा फोटो, खाली 'सरांच्या मेहनतीचं फळ'. मी तडक गेले.

"पेढे कुठंयत?" सर म्हणाले.

"माझा फोटो उतरवा."

"अगं, तुझंच नाव होतंय की."

"माझं तोंड बघून पोरी इथं येतील. त्यांनाही सुईला पाठवाल."

ते खुर्चीतून हलले नाहीत. मग मीच स्टूल ओढलं, वर चढले आणि फ्लेक्सची दोरी सोडली.