आवाजाची खोली

लॉजच्या मॅनेजरनं "साहेब, रात्री इथं टाचणी पडली तरी ऐकू येते" असं अभिमानानं सांगावं आणि गिऱ्हाइकानं "मंग नको" म्हणून बॅग उचलून चालू पडावं, असा माणूस अख्ख्या विदर्भात एकच असेल, आणि देवानं तो नेमका माझा साडू म्हणून पाठवला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात; मीही त्यांना तेच म्हणतो, आणि तेही मला. पांढरकवड्याला त्यांचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. खिशात बारा महिने कंगवा, डोक्यावर मात्र विंचरण्याजोगं काही उरलेलं नाही. परगावी मुक्काम पडला की तुम्ही-आम्ही आधी संडास-बाथरूम पाहतो, चादर उलटून पाहतो. साडभाऊ सरळ खिडकीशी जातात, ती उघडतात, डोकं बाहेर काढतात आणि डोळे मिटून नुसते ऐकत राहतात. खाली बँडवाल्याचं दुकान असलं की त्यांचा चेहरा खुलतो. एसटी स्टँड असला तर दुधात साखर. आणि शेजारी मंगल कार्यालय असेल तर ते भावसुद्धा करत नाहीत. एकदा आम्ही चौघं नागपूरला गेलो होतो. मला झोप कमी, पानाचा आवाज झाला तरी मी जागा होतो. साडभाऊंनी भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीतला लॉज पसंत केला. मी रात्रभर कानात घालायला कापूस शोधत होतो, आणि कापसाच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाजवळ बोटभर कापूस नव्हता. सकाळी साडभाऊ ताजेतवाने होऊन म्हणाले, "काय रौनक होती ना, साडभाऊ?" मी चहाचा कप तोंडाला लावला, कारण तोंड मोकळं राहिलं असतं तर नातं तुटलं असतं.

लोक त्यांना शौकीन समजत. "वय झालं, पण बुढा रंगीला हाय" असं त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर बसून बोलत. घरातल्या आम्हा चार माणसांना मात्र खरी गोष्ट ठाऊक होती. साडभाऊंना स्वतःला कुठंही झोप येते. दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना येते. झोप येत नसे ती आमच्या ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. त्यांच्या घराची मागची भिंत एका जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, कंपाउंडला चिकटलेली. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा रात्रपाळीच्या त्या धडधडीनं भांड्यांसकट घर थरथरायचं, आणि नवी नवरी उशीवर बसून रडायची. तेव्हा साडभाऊंनी तिला धीर दिला होता, "सवय होऊन जाईन." आणि झाली. इतकी झाली की सरकी सुटायचा घरघराट सुरू झाल्याशिवाय ताईंचा डोळा मिटेना. पावसाळ्यात जिन बंद, पण तेव्हा पत्रे वाजत. उन्हाळ्यात कुलर. असं सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं, आणि मग कापसाचे ते वाईट दिवस आले. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येऊ लागलं, आणि कौतुकासाठी येत नव्हतं. माल येईना, जिनच्या मालकानं कुलूप लावलं, आणि त्या रात्रीपासून ताई छताकडे पाहत पडू लागल्या. डोळ्यांखाली काळं आलं, भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. डॉक्टरांच्या गोळीनं दिवसा पेंग यायची, रात्री नाही. साडभाऊंना ही गोष्ट फार लागली. "मीच म्हणलं होतं ना सवय होईन म्हणून," ते मला म्हणायचे, "आता सोडवाची बी मलेच लागन."

मग त्यांनी जे उपाय केले ते ऐकण्यासारखे आहेत. भर पौषात त्यांनी पाणी न घालता कुलर लावला. दोघांना अशी सर्दी झाली की त्यांच्या शिंकांनी शेजारी जागे राहिले. शिवाय तेव्हाचं लोडशेडिंग! आमच्याकडे लाइट पाहुण्यासारखी यायची आणि चहा पिऊन जायची. कुलर थांबला की ताई उठून बसायच्या. मग साडभाऊ सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन राळेगावकडच्या एका चालू जिनमध्ये गेले आणि कापसाच्या ढिगावर मांडी घालून पूर्ण कॅसेट भरून आवाज आणला. रात्री मोठ्या आशेनं लावली. पण त्या कॅसेटमध्ये मशीनच्या जोडीला तिथल्या मुकादमाच्या शिव्याही आल्या होत्या, आणि मुकादम मोठा कल्पक माणूस होता. ताई पदर तोंडात धरून पहाटेपर्यंत हसत राहिल्या. "झोप नाई आली, पण जीव हलका झाला," असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. साडभाऊंनी ती कॅसेट पुन्हा लावली नाही, मुकादमाला मात्र दिवाळीला आठवणीनं फराळ पाठवला.

उपाय सापडला तो उमरखेडला. एका लग्नाला गेले असताना दोघांना स्टँडसमोरच्या लॉजवर, कॅन्टीनच्या वरची खोली मिळाली. खाली बसगाड्या घुरघुरत होत्या, कपबशा आदळत होत्या, कंडक्टर पुसदच्या नावानं ओरडत होता, आणि ताई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या. लग्न सकाळचं होतं. साडभाऊंनी त्यांना उठवलंच नाही. मंगलाष्टकं चुकली, अक्षता चुकल्या, नवरीची आई वर्षभर बोलली नाही. साडभाऊ म्हणाले, "लग्नं काय, लागतच राह्यतात." तेव्हापासून त्यांचं हे खिडकीतून ऐकणं सुरू झालं. महिन्या-दोन महिन्यांनी ते ताईंना कुठल्या तरी गोंगाटाच्या गावी झोपवून आणायचे.

आणि अशात बँकॉक आलं. दुकानदारांनी माल भरपूर विकला की बियाण्यांच्या कंपन्या त्यांना परदेशाची सहल घडवायच्या. दुकानदार या सहलीला एकटे जातात, ही आमच्याकडची न लिहिलेली रीत. बायकांना देवीचा फोटो असलेलं कॅलेंडर आणि कंपनीची पिशवी. साडभाऊंना आधी जायचीच लाज वाटत होती. "खेड्याईत शेतकऱ्याईचं हे असं चालू हाय, अन् आपण टोपी घालून इमानात बसाचं?" ते म्हणाले. दोनदा नाही म्हणून झालं. पण बँकॉकची एक गल्ली पहाटेपर्यंत गाजत असते असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, आणि त्यांनी कंपनीला कळवलं की मी येतो, पण जोडीनं येतो, आणि माझं हॉटेल मी पाहतो. कंपनीनं ठरवलेलं हॉटेल नदीकाठी, बागेत, अगदी निवांत होतं. साडभाऊंच्या दृष्टीनं ते रद्दच.

यवतमाळला हज-उमराहच्या यात्रा नेणारे एक भाई आहेत, दाढी पांढरी, बोलणं गुळासारखं. परदेशातलं हॉटेल म्हटल्यावर साडभाऊंनी त्यांनाच गाठलं. मी सोबत होतो. साडभाऊ म्हणाले, "भाई, शहराच्या मधात पायजे. एकदम झकपक. खाली नाचगाणं, वर नाचगाणं, रातभर बंद नाई झालं पायजे." भाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भाईसाब, तुमच्यासंग भाभीजान बी हायेत ना?"

"तिच्यासाठीच तर पाहून राह्यलो."

भाई माझ्याकडे पाहू लागले, मी भिंतीवरच्या काबाच्या चित्राकडे. शेवटी साडभाऊंनी सगळं सांगितलं. जिन, कुलर, मुकादम, उमरखेड. भाई ऐकत गेले, आणि मग त्या पापभीरू माणसाला असा जोर चढला की त्यांनी आपणहून फोन लावून बँकॉकच्या एजंटाला धारेवर धरलं. "नहीं जनाब, इतना शोर कम है. और बताओ!" बाहेर बाकावर बसलेले यात्रेकरू एकमेकांकडे पाहू लागले.

हॉटेल मिळालं ते पाहण्यासारखं होतं म्हणे. काचेचं, निळ्या दिव्यांचं, दाराशी गणवेशातली माणसं. गल्लीत असा गलका की ताईंनी कानावर पदर घेतला. साडभाऊ धन्य झाले. वर गेले, खोलीचं दार लावलं, आणि सगळं चिडीचूप. खिडकीला दुहेरी काच! खाली माणसं तोंडं हलवताना दिसत होती, आवाज मात्र एक नाही. आमच्या साडभाऊंनी आयुष्यात इतक्या खिडक्या उघडल्या, पण न उघडणारी खिडकी त्यांच्या हिशेबातच नव्हती. इतका खर्च करून, समुद्र ओलांडून, त्यांनी बायकोला पांढरकवड्याच्या घराहून शांत जागी आणून ठेवलं होतं. ते तडक खाली गेले आणि छातीवर मुठी आपटत मॅनेजरला "धड धड, धड धड" करून दाखवू लागले. त्यानं घाबरून आधी डॉक्टरच बोलावला. डॉक्टरनं नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि जाताना फी घेतली. अखेर सहलीतल्या एका इंग्रजी येणाऱ्या दुकानदारानं उलगडा केला, तेव्हा मॅनेजरचा विश्वास बसेना. नाचघराच्या बरोबर वर त्यांची एक खोली होती, तिथं कोणी टिकत नसे. ती त्यानं जवळजवळ हात जोडून दिली. तिथं जमीन धडधडत होती, पलंग धडधडत होता, ग्लासातलं पाणी थरथरत होतं. ताई क्षणभर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "अगाई, जिन चालू झालं!" आणि पलंगाला पाठ टेकताच झोपल्या.

सहलीहून परतल्यावर आम्ही भेटायला गेलो. बाकीच्या दुकानदारांजवळ सांगायला खूप होतं आणि न सांगायला त्याहून जास्त. साडभाऊंना मी विचारलं, "काय काय पाहिलं बँकॉकला?" ते म्हणाले, "हिले झोपलेली पाह्यलं. रोज. खुर्ची टाकून बसलो अन् पाह्यलं." रात्री ते खोलीबाहेर एकदाही पडले नव्हते, दाराच्या आवाजानं ती उठेल म्हणून. नाचघर पायाखाली दणाणत असताना, दाराच्या आवाजानं!

त्यावर मी इतका हसलो की चहा सांडला. पण स्वयंपाकघरात ताईंनी माझ्या बायकोला आणि मला हळूच वेगळंच सांगितलं. "पयल्या राती खरंच झोप लागली, भाऊजी. मंग नाई लागली. हे इतके खुशीत होते, काय सांगू तेयले? डोये मिटून पडून राह्यली. खरं तं मले खाली जाऊन ते निळे लाइट पाहाचे होते. तुम्ही तेयले सांगजा, पुढच्या बारीले शांत हॉटेल पाहा म्हणा, म्हणजे भायेर तरी पडू." पुढची बारी आली नाही. कंपनीनं सहली बंद केल्या, आणि साडभाऊंनीही दुकान पुतण्याच्या हवाली केलं. जिनच्या जागेवर आता प्लॉट पडलेत.

परवा ओट्यावर बसलो असताना मी न राहवून ताईंचा तो इतकी वर्षं माझ्याजवळच राहिलेला निरोप सांगितला. मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसेल. साडभाऊंनी मान वळवून घरामागच्या मोकळ्या प्लॉटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले का मालूम नव्हतं, साडभाऊ? इतक्या वर्साची बायको हाय. झोपली म्हणजे तिचं तोंड उघडं राह्यते. तिथं दुसऱ्या रातीपासून बंद होतं. पण ती माह्यासाठी झोपली होती ना. मंग मी कसा उठू?"

तेवढ्यात आतून ताईंनी चहा झाला म्हणून हाक मारली, आणि साडभाऊ गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि आत गेले.