खचलेली बरणी

नात शाडूचा गणपती करायला बसली आणि त्या ओल्या वासाने मी थेट उरवड्याच्या शेडमध्ये पोचले. तिथे माझी मैत्रीण सुनंदा चिनी मातीच्या बरण्या घडवायची.

त्या दुपारी चाकावरची उंच बरणी एका अंगाला खचली. भातलावणी करून आलेल्या शेडमालकीण मावशी उंबऱ्यावर टेकल्या होत्या. “मोड की ती, दुसरी कर,” त्या म्हणाल्या.

सुनंदा त्यांच्याकडेच बघत राहिली. “हलू नका, मावशी.”

“मी काय बरणी हाय व्हय?” म्हणत त्या तशाच बसून राहिल्या.

सुनंदाने खचलेल्या कडेला अंगठ्याने खांदा काढला, वर मान बसवली. मला वाटलं, ती बरणी वाचवतेय.

आता तिने घडवलेल्या बायका बघायला लोक लांबून येतात. प्रत्येकीची सुरुवात अजून चाकावरच होते, आणि प्रत्येकीचा एक खांदा थोडा खचलेला असतो.