शनिवारचं तेल

नवऱ्याच्या त्या फटफटीला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील, देवच जाणे. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून ह्यांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. सुरू व्हायची झटकन. थांबायची मात्र तिच्या मर्जीने.

त्या वर्षी गौरीगणपती झाले आणि माहेरून निरोप आला. आमच्या गावचा माणूस रत्नागिरीच्या बाजारात आला होता, तो म्हणाला, "बाबांचं उजवं अंग गेलं. बोलतात अजून. सारखं बाय कुठे, बाय कुठे, चाललंय." बाय म्हणजे मी. गाव हातखंब्याच्या पलीकडे, आत. बैलगाडीने गेलं की मुक्काम आलाच. माझी लेक तान्ही, त्यात डांग्या खोकल्याने काळीनिळी पडायची. तिला न्यायची सोय नाही आणि रात्रभर टाकून जायची छाती नाही. फटफटीने मात्र सकाळी जाऊन दुपारी परत येता आलं असतं. तेवढा वेळ सासूबाईंनी तिला सांभाळलं असतं.

"ब्रेक नीट झाल्याशिवाय तुला मागे बसवणार नाही," हे म्हणाले. "येताना केवढा उतार आहे, माहीत आहे ना?"

कचेरी शनिवारी अर्धा दिवस. जेवण झालं की हे मागचं चाक काढून अंगणात बसायचे. चाकाच्या पोटात ब्रेकच्या दोन पट्ट्या असतात, त्या आतून चाकाला घट्ट दाबून धरतात तेव्हा गाडी थांबते. त्या पेट्रोलने पुसायच्या, घासकागदाने खरखरीत करायच्या, मग सगळं जोडून घरासमोरच्या घाटीवर उतरून बघायचं. शनिवारी संध्याकाळी गाडी जागच्या जागी उभी राहायची. मी लुगडं काढून ठेवायची, बाबांसाठी कुळथाचं पीठ बांधायची. आणि रविवारी सकाळी हे एकटेच पुन्हा एकदा उतरून बघायला जायचे आणि गाडी सरळ शेजाऱ्यांच्या दगडी गडग्यावर!

खोलून पुसेपर्यंत दुपार व्हायची; दोन रविवार असेच गेले. पट्ट्या पुन्हा तेलकट. हे म्हणाले, आसाचं ग्रीस आत झिरपतंय. ते अडवायला नमद्याची, जाड दाबलेल्या लोकरीची, चकती कापून बसवली. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मुंबईच्या भावाकडून नव्या पट्ट्या मागवल्या, त्या यायला आणखी दिवस गेले. माझ्या डोक्यात तिडीक जायची. "जळ्ळं मेलं तुमचं ते यंत्र!" मी ओरडले एकदा. "माझा बाप तिकडे झुरतोय आणि तुम्ही पट्ट्या पुसत बसा!" बिचाऱ्यांनी पुन्हा घासकागद उचलला. ह्यांचीही बोटं सोलवटली होती.

नव्या पट्ट्या बसवल्या त्या शनिवारी दिवेलागणीला मी लेकीला घेऊन ओटीवर बसले होते. सासूबाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आल्या. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजतं, म्हणून आमच्याकडे दर शनिवारी विळी, कोयती, बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, सगळ्याला खोबरेल लागायचं. तो त्यांचा नेमच होता. रहाट झाला, मग फटफटीपाशी उकिडव्या बसल्या. मागच्या चाकाच्या फटीत चांगली धार सोडली.

"आई! काय करताय हे?"

"अगो, तुला बापाकडे जायचंय ना? मग चाक नीट फिरायला नको? दर शनवारी घालत्ये मी. हा मेला दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो."

हे धावत बाहेर आले. तेल पडलं की ब्रेक लागत नाही, असं ह्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाई वाटी हातात धरून तशाच बसून राहिल्या. मला मात्र त्यांची कीव आली नाही. 

ह्यांनी कंदील लावून चाक पुन्हा खोललं. सकाळी आम्ही निघालो. बाईमाणूस फटफटीवर म्हणून लोक तोंडात बोट घालून बघत होते, बघेनात का. प्रत्येक उताराला ब्रेक किंचाळायचा आणि गाडी थांबायची.

बाबांची वाचा आदल्या आठवड्यात गेली होती. त्यांनी मला ओळखलं. डाव्या हाताने माझं बोट धरलं, ओठ हलवले, आवाज आला नाही. मी निघाले तेव्हा बोट सोडवून घ्यावं लागलं.

परतीच्या वाटेवर मी एकच करत होते. सासूबाईंना काय काय सुनवायचं, ते शब्द जुळवत होते. तुमच्या तेलापायी माझा बाप माझ्याशी बोलायचा राहिला, हे तर सांगणारच होते.

सासूबाई लेकीला खांद्यावर घेऊन पायरीवर उभ्या होत्या. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या, हे शेजारणीने मला नंतर सांगितलं. मी उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "बाबा बोलले काय गो?"

"बोलले," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढ्या लवकर कशी आलीस."

त्यांनी डोळे पुसले, लेकीला माझ्याकडे दिलं आणि पान वाढायला आत गेल्या.