पोती नाचत नाहीत

"तीस वर्षं वर पोती ठेवली हाईत, साहेब. एक चीर पडली न्हाई," बळीरामभाऊ म्हणाले आणि टाच आपटून त्यांनी मला फरशीचा आवाज ऐकवला.

टाच आपटून इमारत तपासणारे लोक मी नोकरीभर पाहिले. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मी पिशवीतून टेप काढली आणि मजल्याची लांबी-रुंदी मोजायला लागलो.

कुरुंदा गावाच्या अलीकडे बळीरामभाऊंचं हळदीचं जुनं गोदाम आहे. दगडी भिंती, दोन मजले. दोन्ही मजल्यांच्या मधे लोखंडी गर्डर आणि त्यांवर शहाबादी फरशी. त्या दिवशी खालचा मजला पोत्यांनी भरलेला होता. वरचा रिकामा होता, कारण हल्ली हमालांनी जिना चढून माल न्यायला नकार दिला होता. त्या रिकाम्या मजल्यावर रविवारी पुण्याहून दीडशे माणसं नाचायला येणार होती. आणि हा गुरुवार होता.

मी शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. अजूनही कुणाची भिंत फुगली, कुणाचा स्लॅब गळला की फोन येतो. या वेळी परवानगीच्या फाइलीत एक कागद कमी होता, स्टॅबिलिटी सर्टिफिकेट. म्हणजे ही इमारत या कामासाठी सुरक्षित आहे, असं इंजिनियरने सही करून सांगायचं. लोकांना वाटतं ती नुसती सही असते. काही घडलं की ती सही सोडून दुसरं काहीच कुणाला दिसत नाही.

नाच ठरवणारी बळीरामभाऊंची मुलगी, पल्लवी. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डीजे असते. डीजे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वरातीची ट्रॉली आली. तिने हसून मान हलवली.

"तसं नाही काका. टेक्नो आणि हाउस म्हणतात याला. फिल्मी गाणी नाहीत, शब्दही फारसे नसतात. आमचा अंडरग्राउंड ग्रुप आहे. जाहिरात करत नाही, यादीतल्या लोकांना पत्ता आदल्या दिवशी सकाळी कळतो. छोटी जागा, चांगला साउंड. लोक फक्त नाचायला येतात."

"आणि परवानगी?"

"सगळ्या घेते ना. अंडरग्राउंड आहे, बेकायदा नाही. दुपारी दोन ते रात्री नऊ."

पोरगी सरळ बोलत होती. मला बरं वाटलं. मी विचारलं, "मिनिटाला ठोके किती?"

तिचा चेहरा खुलला. गावात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं विचारलं होतं. "हाउस एकशे वीस-बावीस. टेक्नो एकशे तीसच्या पुढे."

"मधे बदलतो?"

"छे. तीच तर मजा आहे. तासन्‌तास एकसारखा."

तिने गुण म्हणून सांगितलं आणि मला नेमका तोच धोका वाटला.

का, ते सांगतो. पोतं एकदा ठेवलं की गप पडून असतं. त्याच्या वजनाला आम्ही डेड लोड म्हणतो. माणसं हलतात, तो लाइव्ह लोड. पण माणसं एकाच तालात, एकाच वेळी उडी मारायला लागली तर हिशेबच बदलतो. झोका देताना आपण जोर लावत नाही, नेमक्या वेळी हलकासा धक्का देतो आणि झोका वर जातो. लांब गर्डरच्या मजल्यालाही स्वतःचा असा एक झोका असतो. दीडशे माणसांच्या उड्या त्या झोक्याशी जुळल्या, तर पोत्यांची तीस वर्षं तिथे काही कामाची नाहीत.

हे सगळं बोलायला सोपं आहे. अडचण वेगळीच होती. शनिवारी-रविवारी लेक काय करते ते कळल्यापासून बळीरामभाऊ तिच्याशी दोन वर्षं धड बोलले नव्हते. मग गेल्या दिवाळीला स्वतःहूनच म्हणाले, "परक्याच्या जागेत काहून नाचतीस? आपलं गोदाम हाय ना." त्यासाठी तिने पुण्याच्या सगळ्या ग्रुपला इथवर यायला राजी केलं होतं. मी नाही म्हणालो असतो तर नाचाबरोबर आणखीही बरंच काही मोडलं असतं.

आणि हो म्हणायची मला भीती होती. नोकरीत असताना एका गावात कुस्त्यांसाठी लाकडी गॅलरी बांधली होती. मला जाता जाता विचारलं, मीही जाता जाता म्हणालो, चालतंय. पहिल्या चितपटीला लोक एकदम उठले आणि गॅलरी बसली. तिघांचे पाय मोडले. जीव कुणाचा गेला नाही, पण ते तिघं मला आजही नावानिशी आठवतात.

"उड्या मारून बघू," मी म्हणालो.

गोदामाचे मुकादम शेषराव आणि त्यांचे सात हमाल वर आले. आठ माणसांनी फरशी पडत नाही, एवढं मला कळत होतं. मजल्याच्या मधोमध मी स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून ठेवला. पहिल्यांदा ज्याला जशा जमतील तशा उड्या. पाणी नुसतं थरथरलं.

"पाहा," बळीरामभाऊ म्हणाले.

मग पल्लवीने छोट्या स्पीकरवर तिचा ठोका लावला. शेषरावांच्या माणसांना ताल शिकवावा लागला नाही. आयुष्यभर एकमेकांच्या पावलांत पाऊल मिळवून पोती उचललेली माणसं ती. आठ जणांचे सोळा पाय एकदम खाली यायला लागले. दहाव्या-बाराव्या उडीला पेल्यातलं पाणी बाहेर सांडलं. विसाव्या उडीला पेला जागचा सरकला.

हमाल थांबले. शेषरावांनी फरशीकडे पाहिलं. "साहेब, हे डुलून राहिलंय," ते हळूच म्हणाले.

मी खाली गेलो आणि त्यांना पुन्हा उड्या मारायला सांगितल्या. पोत्यांमधल्या वाटेत उभा राहून टॉर्च वर धरला. तिसरा गर्डर जिथे भिंतीत शिरतो तिथून माती गळत होती. उड्या थांबवून शिडी लावली आणि प्लास्टर थोडं फोडलं. गर्डरच्या टोकाला हातोडी लावली तर गंजाचे पापुद्रे हातात आले. भिंतीत कधीतरी पाणी मुरलं होतं आणि ते कुणालाच कळलं नव्हतं.

मी शिडीवरून उतरलो, तोवर सगळे खाली आले होते. "वर नाच होणार नाही."

 पल्लवी लगेच म्हणाली, "काका, मी ठोका कमी करते. एकशे दहा वाजवते."

"आणि लोकांचे पाय एकशे दहावरच राहतील, हे लिहून कोण देणार?"

बळीरामभाऊ तापले. "साहेब, सही द्यायची नसंल तर तसं सांगा. गंज कुठं नसतो? म्या लेकराला शब्द दिलाय."

"म्हणूनच देत नाही," मीही तापलो. "तुमचं लेकरू मधोमध उभं राहणार आहे."

भाऊंनी खाली पडलेला गंजाचा पापुद्रा उचलला. तो बोटांत चुरून पाहिला. खरं सांगतो, तेवढ्या वेळात मला वाटलं की आता हे घर माझं तोंड पाहणार नाही.

"खाली चालंल?" त्यांनी विचारलं.

"खाली मातीवर फरशी आहे. चालेल. पण खाली तुमची हळद आहे."

"हळद बाहेर काढू."

बाहेर म्हणजे हळद वाळवायच्या अंगणात, ताडपत्रीखाली. चैत्राचे दिवस, अवकाळी पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. भिजलेली हळद काळी पडते. वर्षाचा माल उघड्यावर ठेवायचा म्हणजे काय, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पल्लवी म्हणाली, "पप्पा, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. "शेषराव, उद्या सकाळी लावा माणसं," म्हणाले आणि फोनवर ताडपत्र्या मागवायला लागले.

शुक्रवारी पोती निघाली. तयारीसाठी गुरुवारीच आलेली पुण्याची चार-पाच पोरंही हात लावायला धावली, एका पोत्यात दोघं दमली आणि संध्याकाळपर्यंत पिवळीधमक झाली. मी तिसऱ्या गर्डरखाली सेंट्रिंगचे लोखंडी टेकू ठोकून घेतले. तेवढी जागा दोरी बांधून बंद केली. जिन्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. मगच खालच्या मजल्यापुरती सही केली, वरचा मजला वापरायचा नाही असं ठळक लिहून.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. बळीरामभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले, जसं काही ते बसल्यावर पाऊस येणार नव्हता. संध्याकाळी वारा सुटला आणि ढग सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला निघून गेले. मी घरी बायकोला म्हणालो, चहा टाक, आणि दोन कप प्यायलो.

रविवारी दीडशे माणसं आली आणि नाचली. संगीत मला फारसं कळलं नाही. सगळे पल्लवीकडे बघत होते आणि मी छताकडे. चार तास मान वर करून उभा होतो, पण वरून मातीचा कणही पडला नाही. शेषराव दोरीपाशी पहारा देत होते. त्यांचाही पाय हलत होता, पण ते मी त्यांना दाखवून दिलं नाही. सहाच्या सुमाराला माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि मी पहिल्यांदा खाली बसलो. इतकं मोकळं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बळीरामभाऊ दिवसभर बाहेर ताडपत्र्यांपाशीच होते. मला बसलेला पाहून दारात आले. आत लेक हेडफोन एका कानाला लावून वाकलेली होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्या कानाशी आले.

"साहेब, हितली फरशी बराबर हाय ना? खाली मातीच हाय ना?"

"मातीच आहे. काहून?"

"न्हाई, म्हणलं आपणबी जावं जरा."

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि आत गेले. गर्दीने त्यांना वाट दिली. ठोका त्यांना काही जमला नाही. पल्लवीने मान वर केली, त्यांना पाहिलं आणि पुढची पाच मिनिटं तिला धड काही दिसत नव्हतं, हे मला लांबूनही कळलं.

तिसरा गर्डर पुढच्या महिन्यात बदलला. टोकाला निम्मं लोखंडही उरलं नव्हतं. हल्ली कुणी मला बोलावून म्हणालं की इथे अमुक इतकी वर्षं माल ठेवलाय, तर मी पहिल्यांदा विचारतो, आता काय ठेवणार आहात. आणि उत्तर माणसं असं आलं, तर पेलाभर पाणी मागून घेतो.