किडक्या बोंडांची पिशवी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असं ती सगळ्यांना सांगते. आता सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.

धाड गावाच्या बाजूला माझं शेत आहे. मी मास्तर माणूस, शेत बटईनं दिलेलं. अर्धं बियाणं माझं, मेहनत सगळी कमलबाईची, पिकेल ते निम्मं-निम्मं. नवरा गेल्यावर सात वर्षं तिनं तिथली कपाशी एकटीनं उभी केली. माझं काम सातबाऱ्यावर नाव असण्याचं. ते मी चोख केलं.

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली, त्या साली सरकारनं मदत जाहीर केली. पंचनाम्याला कृषी सहायक आले आणि शाळेतून मला बोलावणं आलं — खातेदाराचा पिकात उभा राहून फोटो लागतो म्हणे. कमलबाई सकाळपासून बोंडं फोडून दाखवत होती. फोटोसाठी तीही पदर सावरून शेजारी उभी राहिली. साहेब म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा." जाताना एक फोडलेलं बोंड माझ्या हातात ठेवून ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेली. इस्त्रीच्या कपड्यांत मी ते धरून उभा. "शेती स्वतःच करता ना?" — मी मान हलवली.

तुम्ही म्हणाल, हाच गुन्हा. नाही हो. ज्याचा सातबारा त्याची मदत, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. कमलबाईलाही होतं. आली की गुरुजी आपला वाटा देतील, एवढंच ती धरून होती.

मदत आली. बँकेचा मेसेज मी दोनदा वाचला. सगळी तिला द्यावी? निम्मी? चार दिवस माझं काही ठरेना. मग धाडच्या बाजारात तीच समोर आली. "गुरुजी, बोंडअळीचं काई आलं का हो?"

"नाही," मी म्हणालो.

का म्हणालो? नड नव्हती. तिच्यावर राग नव्हता. शपथेवर सांगतो, मला आजही समजत नाही. पुढच्या बाजाराला 'आत्ताच आली' म्हणू, असं ठरवलं. मग वाटलं, तिनं तारीख विचारली तर? ती बिचारी कसली तारीख विचारते!

उन्हाळ्यात ती घरी आली. हातात पिशवी, पिशवीत उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून वेचलेली किडकी बोंडं. "माह्याच हातून चुकलं, गुरुजी. त्या दिवशी मी सायबाले चांगलेच बोंडं दाखवले वाटते. अळी दिसली नसंन त्याले. पुन्हा आले त हे दाखवजा."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी पिशवी घेतली, ओसरीतल्या खुंटीला टांगली आणि म्हणालो, "साहेबांशी बोलतो मी." तिच्याशी बोललेलं हे दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

पेरणीच्या तोंडावर तिनं शेत सोडलं. "मले आता शेतीतलं समजत नाई, गुरुजी. दुसऱ्याले द्या." पान उलटं करून पाहिलं की रोग सांगणारी बाई ती! मी 'बरं' म्हणालो. त्याच शेतात आता ती नव्या बटईदाराकडे रोजानं निंदायला जाते.

परवा धुऱ्यावर उभा होतो. ती बायांना सांगत होती, "गुरुजी भला माणूस हाय. माह्यासाठी सायबाशी बोलले. मीच बोंडं बरोबर दाखवले नाई." मला पाहून तिनं हात केला. मीही केला.

मदत आली होती. तिनं फोडलेल्या एकूण एक बोंडात अळी होती. माझ्या हातातल्या बोंडातली तर बाहेर येऊन माझ्या बोटावर चढली होती.