उगीच आलेल्यांची डॉक्टर

'गुदगुल्या डॉक्टर' हे नाव डॉक्टरबाईंना रुग्णालयातल्या पोरांनीच बहाल केलं होतं. स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या तळहातावर घासून ऊबदार करायचा, मग पायांपासून गुदगुल्या करत करत पोटापर्यंत यायचं. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण पोराने एकदा भोकाड पसरलं की छातीतलं काही ऐकू येत नाही. या सावकाशीमुळे बाहेर बाकांवर बसलेल्यांचा जीव टांगणीला लागे. बाई मात्र ढिम्म.

त्यांना धास्ती होती ती एकाच शब्दाची. 'उगीच आणलं बहुतेक,' असं एखादी आई म्हणाली की बाईंचे कान टवकारलेच. पोर काखोटीला मारून, कामावर दांडी मारून, बस बदलत कुणी उगीच येत नसतं, असं त्यांचं म्हणणं. हाताखालचे डॉक्टर यावर पाठीमागे हसत. हसोत बापडे.

त्या दिवशी शिवणकाम करणारी एक तरुण आई जेमतेम वर्षाच्या मुलाला घेऊन आली. सकाळपासून तो मधेच किंचाळून रडत होता, पण इथे पोचेपर्यंत गाढ झोपला. बाईंच्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरने पोट चाचपलं. मऊ होतं. तापही नव्हता.

"सासूबाई म्हणाल्याच होत्या, दात येतायत म्हणून," ती ओशाळून झबलं सारखं करत म्हणाली. "उगीच आले मी."

पलीकडच्या टेबलावरून बाईंनी मान वर केली. "बसा. इतक्यात जायचं नाही."

"पण छान झोपलाय तो."

"एरवी रडून झालं की असाच झोपतो?"

ती थबकली. "नाही. एरवी रुसतो. कडेवर घेतलं तरी तोंड फिरवतो. आज रुसलाच नाही."

बाई खुर्ची ओढून मुलाजवळ बसल्या, पोटावर हात ठेवून. बाहेर कुरबुर वाढली, नर्स दोनदा डोकावून गेली. बाई हलल्या नाहीत. अखेर मुलाने पाय पोटाशी घेतले आणि किंकाळी फोडली. त्याच वेळी बाईंच्या बोटांना एक लांबट गाठ लागली. आतड्यात आतडं शिरून अडकलं होतं. घरी गेला असता तर ते सडलं असतं, आणि मुलगा हातचा गेला असता. सोनोग्राफीतही तेच दिसलं. हवेच्या दाबाने आतडं सोडवता आलं, पोट उघडावं लागलं नाही.

तरुण डॉक्टर काही बोलायला गेला, तर बाई म्हणाल्या, "रुसला नाही हे तिने सांगितलं. मी फक्त बसून राहिले." बसून राहणं किती अवघड असतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

काही आठवड्यांनी ती पुन्हा दारात उभी. मुलगा कडेवर, बाईंना पाहताच तोंड फिरवून बसलेला.

"काही झालं नाहीये हो. उगीच आले. रुसतोय, तेवढं दाखवायला."

बाईंनी त्या फुगलेल्या गालांकडे डोळे भरून पाहिलं. मग स्टेथोस्कोप तळहातावर घासायला घेतला.

"उगीच म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "मग बसा."